मासे नसलेला फ्रीज

घर भाड्याने देण्याआधी घरमालक काय काय विचारतात? नोकरी कुठली, माणसं किती, पाहुणे फार येतात का. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी आमचा फ्रीज बघायला मागितला.

आमचे हे कस्टम्समधून निवृत्त झाले, तेव्हाची गोष्ट. खिदिरपूरचं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं, आणि मुलगा-सून सॉल्ट लेकला नोकरीत, म्हणून कोलकाता काही सोडायचं नव्हतं. बेहालात एका दुमजली घराचा वरचा मजला रिकामा आहे असं कळलं. फोनवर बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीचे एक उंच, वाकलेले गृहस्थ आमच्या क्वार्टरच्या दारात उभे. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात छत्री. बसा म्हटलं तर बसले नाहीत, चहा नको म्हणाले. थेट स्वयंपाकघरात शिरले आणि फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. आत मटारचं पाकीट, खवलेला नारळ आणि बर्फाचा ट्रे. त्यांनी आत नाक घालून वास घेतला.

"माछ?"

मी म्हटलं, आम्ही खात नाही.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग एक तारखेला या," म्हणाले, आणि छत्री उघडत जिना उतरले. आमचे हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बघत राहिले होते.

हे सगळं लिहायला मी याआधी तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा भाजी लागत होती म्हणून, दोनदा काहीच लागत नव्हतं तरी. त्यांच्या गमती सांगायला घेतल्या की मला रात्र पुरत नाही, पण त्या गमतींच्या शेवटी मी उभी असते, आणि ती मी मला बघवत नाही. तर आज उठायचं नाही असं ठरवून बसलेय.

त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही घेत नाही. गल्लीतल्या बायका त्यांना मेशोमोशाय म्हणत, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणून मीही तेच म्हणे. ते मला बौमा म्हणत, म्हणजे सूनबाई. मागे सगळी गल्ली त्यांना 'गोरुर डाक्तार' म्हणायची, गाईंचा डॉक्टर. हे खरं तर पुरतं बरोबर नव्हतं. गुरांच्या कॉलेजात ते उभा जन्म शिकवत होते, पण आजारी गाय कुणी दाखवायला आणली की म्हणत, माझा विषय फक्त एक वीत लांबीचा आहे, बाकीच्या गाईचं मला काही कळत नाही. तो वीतभर विषय म्हणजे गाईचे बीजकोश.

गच्चीवर आमच्या दोऱ्या शेजारी शेजारी होत्या. माझ्या साड्या, आणि त्यांचे खांद्यापर्यंत लांब प्लास्टिकचे हातमोजे, गुलाबी, ओळीने टांगलेले. एकदा वापरून टाकायची वस्तू ती, पण ते धुऊन वाळवत. माझी नणंद सांगलीहून आली तेव्हा पहिल्या सकाळी गच्चीवरून धावत खाली आली, म्हणाली, वहिनी, वर कुणाचे तरी हात वाळत घातलेत. तेच मोजे घालून ते मागच्या झाडाचे आंबे काढायचे. माशीमा, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या आंब्यांना हात लावत नसत.

आणि मोजणं. खिशात एक स्टीलची मोजपट्टी असायची, बारीक वस्तूंची जाडी मोजायची. माझ्या शंकरपाळ्या मोजल्या, कानातल्या कुड्या मोजल्या, आमच्या ह्यांच्या मानेवरचा तीळ मोजून म्हणाले, वाढत नाहीये, काळजी नको. "मोजलं नाही ते झालं नाही," असं त्यांचं एक वाक्य होतं, आणि ते कुठेही चालायचं. ताप आला म्हटलं की, "किती?" दुखतंय म्हटलं की, "कधीपासून, तारीख सांगा."

एका एकादशीला मी आमच्या ह्यांच्यापुढे साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवली, आणि त्याच वेळी मेशोमोशाय भाड्याच्या पावतीसाठी वर आले. बशी बघून थांबलेच. मोजपट्टी काढली, एक दाणा मोजला. "बौमा, हे तुम्ही कुठून आणलं? हे तर अगदी पहिल्या दिवसाचं फॉलिकल आहे." मग खाली जाऊन भिजवलेले हरभरे आणले, एक द्राक्ष आणलं, आणि आमच्या ह्यांची बशी स्वतःकडे ओढून मला शिकवायला बसले. मी आठवी पास. पुढचं जे काही मला येतं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद, मुलाची पुस्तकं आणि ही बशी, एवढ्यावरचं.

ते सांगू लागले. गाईच्या बीजकोशात असे बारीक पाण्याचे फुगे एकदम उठतात, एक तुकडीच. प्रत्येकीच्या पोटात एक बीज. मेंदूच्या खाली एक गाठ असते, ती एफएसएच नावाचं हार्मोन रक्तात सोडते, तो या सगळ्यांचा खुराक. काही दिवस सगळ्या बरोबरीने वाढतात. मग त्यातली एक हरभऱ्याएवढी होते आणि वर निरोप धाडते, की आता पुरे, मी आहे. वरून खुराक कमी होतो. तिला स्वतःला त्याची तेवढी गरज उरलेली नसते, ती तोवर दुसऱ्या एका हार्मोनवर, एलएचवर, जगायला शिकलेली असते. बाकीच्या शिकलेल्या नसतात. असं म्हणत त्यांनी साबुदाण्याचे दाणे एकेक उचलून तोंडात टाकले.

मी विचारलं, मरतात का त्या?

"फिरे जाय," म्हणाले. परत जातात. मरतात हा शब्द ते या बाबतीत वापरत नसत.

मग द्राक्ष उचललं. या मोठीचंही काही खरं नाही म्हणाले. मागच्या खेपेला जिथून बीज सुटलं तिथे एक पिवळी गाठ बसलेली असते, ती प्रोजेस्टेरॉन सोडत असते. ती बसलेली आहे तोवर मोठीलाही वरून एलएच पुरेसा मिळत नाही. मग तीही परत जाते. ती गेली की खुराक पुन्हा चढतो, नवी तुकडी उठते. एकवीस दिवसांत असं दोनदा, कधी तीनदा. शेवटी पिवळी गाठ स्वतःच जिरते, आणि त्या वेळी जी कुणी मोठी असेल तिचं बीज सुटतं. एवढं सांगून द्राक्षही खाल्लं.

बंगालीत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो, पण मला त्या सगळ्या बायकाच वाटल्या. मी विचारलं, जी पुढे जाते ती जास्त हुशार असते का, मेशोमोशाय?

"छे. थोडीशी आधी निघालेली असते, बस."

आमच्या घरी आम्ही पाच बहिणी आणि एक भाऊ. भाऊ शिकला. मी त्या दिवशी बशी घासताना बराच वेळ नळ सुरू ठेवला होता. आमचे हे मात्र आतून विचारत होते, माझी खिचडी परत कधी येणार?

त्यानंतर मी त्यांची लेखनिक झाले. ती पद्धत अशी. रोज सकाळी सात वाजता ते ऑटोने जोक्याच्या पलीकडे एका खटालावर जायचे. खटाल म्हणजे गवळ्याचा गोठा. कॉलेजाने मोडीत काढलेलं एक सोनोग्राफीचं यंत्र त्यांनी स्वतः दुरुस्त करून घेतलं होतं. मोजा घातलेला हात गाईच्या आत, डोळे त्या छोट्या पडद्यावर, आणि गवळी रामसेवक फोन त्यांच्या कानाला लावून उभा. इकडे मी गॅसपाशी, फोन स्पीकरवर, एका हाताने पोहे परतत.

"लेखो, बौमा. डावा. अकरा, सहा, पाच, चार, चार. उजवा. सात, चार, तीन."

मी निळ्या वहीत देवनागरी आकड्यांत लिहायची. मागे रामसेवकचं चालू असे, "डाक्टर साहब, लात मारेगी," आणि ते त्याला म्हणत, ही मारत नाही, तू मारतोस. रोज एकेका फुग्याचा माग ठेवायचा, कालचा सहाचा आज आठ झाला की पाच. महिन्याभरात मला आकडे ऐकून कळायला लागलं की ही आता पुढे निघाली आणि ह्या परत चालल्या. एकदा मी म्हटलं, उजवीकडची काल नऊ होती, आज सात कशी, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. नऊच होती.  मग म्हणाले, "रामसेवक, ऐकलंस? पाच मैलांवरून बघतेय ती."

वहीचा त्यांचा एकच नियम होता. खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर लाल शाईची एकच सरळ रेघ, अशी की खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, आणि सही. मी पहिल्यांदा एक आकडा ब्लेडने खरवडला तेव्हा त्यांनी ते पान उजेडासमोर धरलं आणि म्हणाले, बौमा, चूक ही पण एक नोंद आहे, ती तुम्ही चोरलीत. मला राग आला होता. चोरलीत हा शब्द मला फार लागला होता.

त्यांना सिद्ध करायचं होतं ते असं. आपल्याकडच्या दमट उकाड्यात त्या मोठ्या फॉलिकलची पकड ढिली पडते. ती परत जाण्याआधीच खुराक, म्हणजे एफएसएच, पुन्हा चढायला लागतो, आणि पुढची तुकडी घाईने उठते. सगळा ताल बिघडतो. मग गाय माजावर येते पण तिचं ओरडणं नाही, अस्वस्थ होणं नाही, मुका माज. गवळ्याला कळत नाही, वेळ निघून जाते. दोन-तीनदा असं झालं की तो म्हणतो वांझ आहे, आणि विकतो. कुठे विकतो ते आपण विचारत नाही. मेशोमोशाय म्हणत, त्या वांझ नसतात हो, फक्त बोलत नाहीत.

तीन गाईंवर त्यांचं काम झालं होतं. पण त्यांचा सगळा भर होता झुमरीवर. काळी, बुटकी, एका शिंगाची. रोज हात घालू देणारी आणि रोज मानेतून रक्त काढू देणारी ही एकच गाय त्यांना सगळ्या दक्षिण कोलकात्यात मिळाली होती, आणि तीन तुकड्या तिच्यात स्पष्ट दिसत होत्या. रामसेवकला ती विकायचीच होती. "बाबू, इसको रखके क्या करूँ," असं तो फोनमधून मलाही ऐकवायचा. मेशोमोशायांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता की काम पुरं होईपर्यंत थांब. रक्त घरी आणून, व्हरांड्यात बसून, एका हाताने फिरवायच्या यंत्रात ते फिरवत. वरचं पिवळसर पाणी बारीक नळ्यांत भरत, तारखा घालत, आणि त्या नळ्या माझ्या पेढ्यांच्या स्टीलच्या डब्यात, माझ्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. त्यासाठीच तर आम्हाला घर मिळालं होतं. खालचा फ्रीज माशीमांच्या इलिश माशांचा. त्या दिवसातून दहादा तो उघडत आणि निवडत बसत. मेशोमोशाय म्हणायचे, माशांनी माझं निम्मं संशोधन वितळवलं.

त्या वर्षी भाद्रपदापासून आश्विनापर्यंत झुमरीचं रक्त घेऊन झालं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी सॉल्ट लेकच्या एका प्रयोगशाळेत होती, ती पूजेच्या सुट्टीनंतर सगळ्या नळ्या तपासून देणार होती. निबंध बराचसा लिहूनही झाला होता. शेवटी आभाराची यादी होती, त्यात माझं नाव, इंग्रजीत. त्यांनी मला ते दाखवलं. मी त्या कागदाचा फोटो काढून सगळ्या बहिणींना पाठवला, आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना दाखवला, भावाला तर दोनदा पाठवला.

नवरात्रात आमच्याकडे अष्टमीचा कुळधर्म असतो, सांगलीला. तृतीयेला निघायचं होतं. आदल्या दिवशी मेशोमोशाय म्हणाले, बौमा, फ्रीज. मी म्हटलं, म्हणजे काय. मी फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावली, वर चिठ्ठी लावली, 'बंद करू नये'. खाली टॅक्सी आली. कोपऱ्यावरच्या मंडपात ढाक वाजत होते, हे जिन्यातून ओरडत होते की हावड्यापर्यंत दोन तास लागतील. तीस वर्षं बदल्यांमध्ये घरं बंद करणारी बाई मी. गॅसची कळ, पाण्याचा नळ, आणि दाराबाहेर पडता पडता वर हात करून मेन स्विच. हाताला सांगावं लागत नाही.

टाटानगर गेल्यावर मी बर्थवर आडवी झाले आणि मला माझा उजवा हात वर गेलेला आठवला.

तेव्हाच फोन करायचा. कुलूप तोडा म्हणायचं. सहा-सात तासच झाले होते. मी फोन हातात घेतलाही होता. मग मनाला म्हटलं, नसेल केला, सवयीने नुसतं वाटतंय. सांगलीला जाऊन येईपर्यंत नऊ दिवस मी हेच वाटून घेतलं. पुरण वाटलं, आरत्या म्हटल्या, आणि खालच्या मजल्यावर ते दोघं झोपत-उठत होते, वर माझा फ्रीज मुका पडला होता.

द्वादशीला परतलो. घरात अंधार होता. हे न्हाणीघरात गेले. मी मेन चालू केला, तेव्हा फ्रीज घरघरला, म्हणजे इतके दिवस तो बंदच होता. वरच्या कप्प्यात नारळाला बुरशी, मटाराचा लगदा. डबा हाताला कोमट लागला. नळ्यांमधलं पाणी हलत होतं. मी नारळ आणि मटार पिशवीत बांधून टाकून आले, कप्पा पुसला, डबा पुसला, जागेवर ठेवला. सकाळपर्यंत सगळं पुन्हा घट्ट गोठलं होतं. गोठलेलं ते गोठलेलं, असं मी मला समजावलं. मी काही शिकलेली नाही, असंही समजावलं. एरवी ते वाक्य मी कुणाला माझ्याबद्दल बोलू देत नसे.

दहा वाजता मेशोमोशाय विजयादशमीचे शोंदेश, तिथली मिठाई, घेऊन वर आले. दशमीनंतर मोठ्यांच्या पाया पडायचं, मी पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि डबा बघू म्हणाले. झाकण उघडलं, नळी बोटाने टिचकवली. टण्ण वाजली.

"मासे नसलेला फ्रीज," म्हणाले. खूश होते.

पौषात ती विद्यार्थिनी कागद घेऊन आली. खालून बोलण्याचे आवाज येत होते, मग बंद झाले. ती गेली. दुपारी ते वर आले आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. दोन कागद ओट्यावर ठेवले. एकावर प्रोजेस्टेरॉनची रेघ, छान टेकडीसारखी चढलेली आणि उतरलेली, पुस्तकात असते तशी. दुसऱ्यावर एफएसएचची. तिथे तीन तुकड्यांचे तीन उंचवटे हवे होते. रेघ आडवी होती, ओट्यासारखी. तिने दोनदा तपासलं म्हणाले, तिच्याकडचे दुसऱ्या गाईंचे नमुने बरोबर येतात. मग बराच वेळ माझ्या कुकरकडे बघत बसले.

"बौमा, फ्रीज कधी बंद पडला होता का?"

"नाही, मेशोमोशाय."

"एखादा दिवस?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, कागद गोळा केले, आणि जिन्यात कठडा धरून उतरले. तोवर मी त्यांना कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. निबंध त्यांनी थांबवला. यंत्र त्या विद्यार्थिनीला देऊन टाकलं. रबरी बूट जिन्याखाली गेले. गुलाबी मोजे गच्चीवरून गेले आणि माझ्या साड्यांना सगळी दोरी मिळाली. मोजपट्टी खिशात दिसेनाशी झाली. मी मुद्दाम सांगायची, मेशोमोशाय, ताप आहे मला. ते म्हणत, औषध घ्या. किती, ते विचारत नसत. एकादशीला खिचडी पाठवली तर माशीमा बशी परत करताना म्हणाल्या, यांना हल्ली काही आवडत नाही. फाल्गुनात रामसेवकचा मलाच फोन आला. डाक्टर साहब फोन घेत नाहीत, त्यांना सांगा, झुमरी को भेज दिया. मी ते त्यांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. हूं म्हणाले आणि पान उलटलं नाही.

दीड वर्ष हे मी रोज बघितलं. वरून-खाली, खालून-वर. आमच्या ह्यांना सांगितलं नाही. मला वाटे, आता सांगून काय, गाय गेली, यंत्र गेलं. दर महिन्याला सांगण्यात काही राम उरला नाही असं वाटायचं, आणि दर महिन्याला ते मागच्या महिन्यापेक्षा खरं असायचं.

मग एका सकाळी गल्लीत बिक्रीवाला आला, रद्दीवाला. मेशोमोशायांनी जिन्याच्या पायऱ्यांवर कागदांची थप्पी काढून ठेवली होती, आणि त्यात निळी वही होती. माझं अक्षर रद्दीत जाताना बघवेना म्हणून मी ती उचलली आणि तिथेच पायरीवर उघडली. शेवटच्या पानावर त्यांचं अक्षर होतं, बंगालीत. एवढ्या वर्षांत दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मला लागतं तेवढं येतं. मी बोट लावून वाचलं.

प्रोजेस्टेरॉन ठीक. एफएसएच नाही. नमुने उष्णतेने खराब झाले तर नेमकं असंच दिसेल, पहिलं टिकतं, दुसरं नासतं. बौमाला विचारलं. फ्रीज बंद नव्हता. म्हणजे नमुने चांगले. म्हणजे माझं म्हणणं चूक.

त्याखाली, पानभर लिहिलेल्या त्यांच्या सगळ्या मांडणीवर, लाल शाईची एक सरळ रेघ. आणि सही.

त्यांना दिसलं होतं हो. अख्ख्या आयुष्याची विद्या त्यांना सांगत होती की नळ्या नासल्यात. एका पारड्यात ती विद्या आणि दुसऱ्यात माझं 'नाही'. त्यांनी माझं उचललं.

बिक्रीवाला तराजू घेऊन उभा होता. त्याला मी नंतर ये म्हटलं आणि वही घेऊन आत गेले. ते आरामखुर्चीत होते, माशीमा भाजी चिरत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. मेन स्विच मी बंद केला होता. नऊ दिवस.

"नऊ पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"तृतीयेच्या दुपारपासून द्वादशीच्या संध्याकाळपर्यंत."

आता ओरडतील, घर सोडा म्हणतील, असं मी धरून चालले होते. ते खुर्चीत पुढे सरकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला खाली बघावं लागलं. ते आनंदले होते. पोरासारखे. आत हाक मारल्यासारखी शेजारीच बसलेल्या माशीमांना हाक मारली, "अगं, ऐकलंस? मी चुकलो नव्हतो." माशीमांनी विळीवरचा हात थांबवून माझ्याकडे एकदाच पाहिलं.  त्यांच्या नजरेतलं दीड वर्ष मी अजून विसरले नाही. तो आनंद माझ्याजवळ होता, वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्यांवर, आणि मी तो दिला नव्हता.

मग त्यांनी स्वतःलाच आवरलं. नाही, म्हणाले, बरोबर होतो असंही नाही. आता आपल्याला काहीच माहीत नाही. पण चुकीचं माहीत असण्यापेक्षा काहीच माहीत नसणं पुष्कळ चांगलं. खिसे चाचपले, लाल पेन मागितलं, वही माझ्यापुढे धरली.

"लेखो, बौमा. तुमच्या भाषेत लिहा."

त्यांच्या 'बंद नव्हता' वर मी एक रेघ मारली. बाजूला लिहिलं, मेन स्विच मी बंद केला. खाली लिहिलं, नऊ दिवस. आणि सहीला पेन टेकवलं.

"आणि मी विचारलं तेव्हा?" ते म्हणाले. तेवढंच. आवाज चढवला नाही.

मी तिसरी ओळ लिहिली. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी बूट जिन्याखालून निघाले. रामसेवकचा खटाल तोवर उठला होता. ते ऑटोने आणखी पुढे, अगदी लांबवर दोनदा गाय शोधून आले. पण हात थरथरायला लागला होता, आणि थरथरत्या हाताला कुठलीही गाय आत येऊ देत नाही, हे तेच मला पूर्वी सांगत असत. झुमरीचा ते विषय काढत नसत, मीही काढला नाही. एक दिवस वर आले, माझ्या फ्रीजचा कप्पा उघडला, नारळ एका बाजूला सारला आणि म्हणाले, जागा ठेवा. गेल्या माघात ते गेले. जागा आहे अजून. सून विचारते, आई, इथे आइस्क्रीम का नाही ठेवायचं.

परवा दुपारी त्यांच्या विद्यार्थिनीचा फोन आला. माशीमांनी सगळ्या वह्या तिच्याकडे दिल्यात. ती नव्या गाईंवर सरांचं काम पुन्हा करणार आहे, यंदाच्या पावसाळ्यात. हिंदीत बोलत होती, फार आदराने. म्हणाली, शेवटच्या पानावर लाल शाईत तीन ओळी आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. लॅबमध्ये कुणालाच येत नाहीत. सरांनी समासात लिहून ठेवलंय, बौमाला विचारा.

आमचे हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. मी म्हटलं, पहिली ओळ, मेन स्विच मी बंद केला. दुसरी, नऊ दिवस. ह्यांचा हात थांबला.

ती म्हणाली, "और तीसरी, आंटीजी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विचारल्यावर मी नाही म्हणाले," मी वाचल्यासारखं म्हटलं, वही समोर नसताना, आणि मग तिच्यासाठी ते हिंदीत सांगितलं.